पाखंडी ठरवण्याची घाई : वाँटेजच्या पत्रांतल्या रमाबाई

माझे बालपण नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरात गेले. मी अकरा वर्षांचा असताना आमच्या शब्बाथशाळेला एक गुरुजी होते. एका रविवारी ते योनाची गोष्ट सांगत होते. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने विचारले, "गुरुजी, माणूस माशाच्या पोटात तीन दिवस खरंच राहिला का?" गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "राहिला असेल, किंवा देवाने आपल्याला शिकवायला तो दाखला दिला असेल. योना पळत होता आणि देव त्याला सोडत नव्हता, एवढं पक्कं लक्षात ठेव." एवढेच. दोन रविवारांच्या आत मंडळीत एक अर्ज फिरला. त्यात पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला शब्द होता : 'खोटे शिक्षक'. गुरुजींना कुणी बोलावून विचारले नाही. ते पुढच्या महिन्यात गाव सोडून गेले. त्या अर्जावर माझ्या वडिलांचीही सही होती, हे मला फार नंतर कळले.

ही आठवण मी विसरलो होतो. पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा खंड वाचताना ती पुन्हा वर आली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेला, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा इंग्रजी खंड आपल्याकडे रमाबाईंच्या चरित्रकारांनी आणि स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासकांनी बराच वापरला आहे. मी तो एका मर्यादित प्रश्नासाठी वाचला. एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला पाखंडी कधी म्हणतो, का म्हणतो आणि ते म्हणण्याआधी तो काय करायचे विसरतो, हा तो प्रश्न. रमाबाईंच्या आयुष्यातली १८८३ ते १८८६ ही तीन वर्षे या प्रश्नाचे जवळजवळ रोजच्या रोज ठेवलेले टिपण आहे.

दोन शब्दांचा प्रवास

आधी शब्दांविषयी थोडेसे. 'पाखंड' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. पण अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे निव्वळ पंथ. गिरनारच्या बाराव्या लेखात राजा सर्व पासंडांचा मान राखायला सांगतो, आणि जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो, अशा आशयाचा इशारा देतो. पुढे शतकानुशतके एकमेकांवर फेकला जाऊन हा शब्द नासला.

ग्रीक भाषेतल्या 'हायरेसिस' या शब्दाचे असेच झाले. इंग्रजीतला 'हेरसी' हा शब्द त्याच्यापासून आला. मुळात त्याचा अर्थ निवड आणि त्यावरून एखादा संप्रदाय. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत, चोविसाव्या अध्यायात, तिर्तुल्ल नावाचा वकील फेलिक्स सुभेदारापुढे पौलावर आरोप ठेवतो की हा नासोरी पंथाचा पुढारी आहे. तिथे 'पंथ' म्हणून हाच शब्द आहे. पौल उत्तर देतो की हे लोक ज्याला पंथ म्हणतात त्या मार्गानेच मी आमच्या पूर्वजांच्या देवाची सेवा करतो. म्हणजे ज्या शब्दाने पुढे ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना वाळीत टाकले, तो शब्द आधी सगळ्या ख्रिस्ती लोकांनाच लावलेला होता. ही गोष्ट ज्या पुस्तकात लिहिली आहे ते पुस्तक रोज वाचणाऱ्यांनीच ती विसरावी, हे आश्चर्याचे आहे.

वादसभेत वाढलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले तेव्हा त्यांच्यावरही पाखंडाचाच आरोप आला. बाईला देववाणी शिकवणे शास्त्राविरुद्ध आहे, असे शास्त्रीमंडळींचे म्हणणे. अनंतशास्त्र्यांना उडुपीला धर्मसभेपुढे उभे राहावे लागले. तिथे त्यांनी शास्त्रवचने गोळा करून आपली बाजू मांडली आणि स्त्रीला वेद सोडून बाकी संस्कृत शिकवण्यात दोष नाही हे पटवून दिले. या प्रसंगातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सभा प्रतिकूल होती, पण ती भरली. आरोप झालेल्या माणसाला बोलायला मिळाले.

रमाबाई या वातावरणात वाढल्या. आईकडून संस्कृत शिकल्या, आईवडिलांबरोबर आणि भावाबरोबर तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत फिरल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिन बाबू पटकीने गेले. त्यानंतरच्या वर्षभरात त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली.

अशा बाईची विचार करण्याची रीत शास्त्रार्थाची होती. आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा, मग त्याचे खंडन ऐकायचे किंवा करायचे, आणि शेवटी सिद्धान्त. या पद्धतीत समोरच्याला कठीण प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा मान ठेवणे. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढे वाँटेजमध्ये जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

वाँटेजचा मठ

१८८३ साली रमाबाई वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. पुण्यात ओळख झालेल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना वाँटेजच्या आपल्या मठात ठेवून घेतले. ऑक्सफर्ड चळवळीतून निर्माण झालेला हा संघ. चर्चची जुनी परंपरा, बिशपचा अधिकार, संस्कारविधी आणि आज्ञापालन हे त्याचे आधारस्तंभ. सिस्टर जेराल्डीन काही काळ पुण्यात काम करून प्रकृतीमुळे इंग्लंडला परतल्या होत्या. रमाबाईंच्या धार्मिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

रमाबाई ख्रिस्ती कशामुळे झाल्या हे त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत सांगितले आहे. भगिनींनी त्यांना फुलहॅमला नेले होते. तिथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी संघाचे एक आश्रयगृह होते. ज्या स्त्रियांना आपल्या समाजात कुणी दारात उभे करणार नाही, त्यांची तिथे मायेने शुश्रूषा चाललेली त्यांनी पाहिली. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्यांचे मन वळले ते इथे. बौद्धिक शंका होत्या, त्यांना नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी उत्तरे दिली. हे गोरे म्हणजे काशीचे चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री. १८४८ साली ख्रिस्ती झालेले आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहिणारे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा वाँटेजला बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. त्याच्या थोडेच आधी, बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली होती. ते दुःख या बाप्तिस्म्याच्या मागे उभे आहे हे विसरता येत नाही.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. कान हळूहळू जात चालल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील या आपल्या कथेतल्या तिसऱ्या महत्त्वाच्या व्यक्ती.

आरोप कसा वाढत गेला

१८८४ साली पहिला खटका उडाला तो धर्मतत्त्वावरून नव्हेच. हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना रमाबाईंनी संस्कृत शिकवावे अशी सूचना आली आणि लाहोरच्या व मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवल्याने स्वदेशात त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी मिस बील यांना लिहिलेल्या उत्तराचा सारांश असा : माझ्या वडिलांनी माझ्या आईला तरुण मुलांना शिकवण्याची मनाई केली नाही, माझ्या पतीने मला केली नाही, ती करायला इंग्लंडचे लोक निघावेत याचे नवल वाटते.

दुसरा खटका जेवणाचा. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पुडिंग खात नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा उरलेला अभिमान दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की बाप्तिस्म्याने माझे हिंदी असणे संपलेले नाही. माझ्या लोकांच्या ज्या चालीरीतींत पाप नाही त्या मी शक्यतो पाळीन, आणि तुम्ही पुडिंग खाता म्हणून मी तुम्हाला नावे ठेवीत नाही. तिसरा खटका क्रुसाचा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, लॅटिनमध्ये असे कोणते विशेष पावित्र्य आहे, असे त्यांनी विचारले.

ही तीन प्रकरणे मी मुद्दाम आधी सांगितली. कारण १८८५ साली त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव या सिद्धान्ताचा, वाद पेटला तेव्हा जेराल्डीन यांच्या मनात एक साखळी आधीच तयार झालेली होती : ही बाई गर्विष्ठ आहे, हट्टी आहे, आज्ञा मानत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न त्यांना प्रश्न म्हणून ऐकूच आला नाही. पाखंडाच्या बहुतेक आरोपांचा हा इतिहास आहे. आरोपपत्रात सिद्धान्त असतो, पण निकाल त्याच्याआधी स्वभावावरून, जेवणावरून, भाषेवरून लागलेला असतो.

सिद्धान्ताचा वाद मात्र खराखुरा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवपण, त्याचा अद्भुत जन्म यांविषयी रमाबाईंना जे वाटत होते ते त्या काळच्या अँग्लिकन चर्चच्या शिकवणुकीशी जुळत नव्हते. अथनेशियसच्या नावाने चालत आलेल्या मतांगीकारावर त्यांचा सर्वांत मोठा आक्षेप होता. हा मतांगीकार त्रैक्याची व्याख्या बारकाईने करतो आणि जो ती जशीच्या तशी मानणार नाही त्याचा कायमचा नाश होईल असे सांगतो. रमाबाईंचा मुद्दा सरळ होता. मी बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत. बायबलात जे आहे ते मी मानते. नंतरच्या माणसांनी केलेल्या व्याख्येला मी देवाच्या वचनाइतका मान देऊ शकत नाही. याच पत्रांत त्यांचे ते प्रसिद्ध म्हणणे येते, की हिंदुस्थानच्या पुरोहितवर्गाचे जोखड मी नुकतेच मोठ्या कष्टाने झुगारले आहे, तसलेच दुसरे आता मानेवर घेणार नाही.

आता गंमत पाहा. रमाबाई ज्या कलमाला अडल्या त्याच कलमावरून खुद्द इंग्लंडच्या चर्चमध्ये १८७० च्या दशकात मोठे वादळ झाले होते. उपासनेत हा मतांगीकार म्हणावा की नाही, त्यातली शापवजा वाक्ये ठेवावीत की नाही, यावर धर्मगुरूच एकमेकांविरुद्ध उभे होते. त्याआधी नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी मोशेच्या पंचग्रंथातल्या आकड्यांविषयी शंका छापली, तीही एका झुलू सहकाऱ्याने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे. त्यांना १८६३ मध्ये पदच्युत ठरवण्यात आले, १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द ठरवला, तरी १८६६ मध्ये त्यांना बहिष्कृत केलेच. कोलेन्सो वारले जून १८८३ मध्ये. तीन महिन्यांनी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ज्या शंका इंग्रज बिशपांच्या आणि विद्वानांच्या डोक्यात पंचवीस वर्षे घोळत होत्या, त्याच एका नवख्रिस्ती हिंदी विधवेने विचारल्या तेव्हा तो गर्व ठरला.

दोन बायका, दोन रीती

सिस्टर जेराल्डीन यांना खलनायिका करून हा लेख सोपा करता आला असता. ते अन्यायाचे होईल. त्या धर्ममाता होत्या. त्यांच्या समजुतीप्रमाणे रमाबाईंच्या आत्म्याचा जाब त्यांना देवापुढे द्यावा लागणार होता. आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या मठात त्यांचे आयुष्य गेलेले. तिथे शंका आली की ती प्रार्थनेत गिळायची असते, वरिष्ठांशी वाद घालायचा नसतो. शिवाय रमाबाई हिंदुस्थानात परत जाऊन शिकवणार होत्या. त्या चुकीचे शिकवतील तर शेकडो जणी चुकतील, ही भीती त्यांना खरोखर होती. माझ्या मते खोट्या शिक्षकाचा शिक्का बहुतेक वेळा द्वेषातून पडत नाही. तो अशा भीतीतून आणि अशा मायेतून पडतो, आणि म्हणूनच मारणाऱ्याला तो पुण्यकर्म वाटतो.

पण त्यांची चूक कुठे झाली तेही पत्रांतच दिसते. रमाबाई अजून शिकवीत नव्हत्या, शिकत होत्या. विद्यार्थिनीचा प्रश्न त्यांनी शिक्षिकेचा सिद्धान्त समजून तोलला. पूर्वपक्ष ऐकून त्यांनी तोच निकाल मानला. शास्त्रार्थात वाढलेली बाई विचारत होती, 'याला तुमचे उत्तर काय?' आणि मठात वाढलेल्या बाईला ऐकू येत होते, 'मी तुमचे ऐकणार नाही.'

मिस बील यांची रीत वेगळी होती. त्याही श्रद्धाळू अँग्लिकन आणि त्रैक्य मानणाऱ्याच होत्या. पण काही वर्षांपूर्वी त्या स्वतः शंकेच्या अंधारातून गेल्या होत्या. त्यांनी रमाबाईंना लांबलचक पत्रे लिहून मुद्द्याला मुद्दा दिला, आणि दुसऱ्या बाजूला भगिनींना समजावले की या बुद्धीची स्त्री धर्म तत्त्वज्ञानासारखा तपासल्याशिवाय स्वीकारणार नाही. तिला वेळ द्या, तिच्यावर अधिकाराचे दडपण आणू नका. रमाबाईंचे मत बील यांनी मान्य केले नाही. मतभेद आणि शिक्का या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, एवढे मात्र त्यांनी वागण्यातून दाखवून दिले. रमाबाईंची या काळातली सर्वांत मोकळी आणि नम्र पत्रे बील यांना लिहिलेली आहेत, हा योगायोग नसावा.

दोन्हीकडून

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे, ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले. त्याच वर्षाच्या शेवटी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे त्रैक्य न मानणारे धर्मगुरू होते, आणि त्यांच्याबरोबर त्रैक्य मानणाऱ्या पंथांचे लोकही कामाला बसले होते. हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे पैसे द्यायचे, एवढ्या कामापुरते त्यांनी एकमेकांचा पाखंड बाजूला ठेवला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. इथे आरोपाची दिशा उलटली. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, काही ख्रिस्ती होऊ पाहतात, यावरून 'केसरी'ने रान उठवले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पुणेकरांचा आक्षेप पूर्णपणे निराधार होता असे मी म्हणणार नाही. सदन धर्मनिरपेक्ष राहील या आश्वासनावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. पण एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. आठ वर्षांच्या अंतराने तीच बाई वाँटेजमध्ये पुरेशी ख्रिस्ती नव्हती आणि पुण्यात फारच ख्रिस्ती होती. दोन्हीकडच्या लोकांना ती आपल्या मापात बसवायची होती, आणि ती दोन्हीकडे तेच सांगत होती : माझा विवेक मी कुणाच्या हवाली करणार नाही.

दरम्यान, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या श्रद्धेतच बदल झाला. आठ वर्षांपूर्वी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त आता सापडला, असे त्या पुढे सांगत. त्यानंतरच्या रमाबाईंच्या श्रद्धेत ख्रिस्ताच्या देवपणाविषयी शंका उरली नाही. वाँटेजमध्ये ज्या उत्तरासाठी त्यांना घाई करण्यात आली होती, त्या उत्तराशी त्या आपल्या पायांनी चालत आल्या. बिशपच्या अधिकाराकडे मात्र कधीच परतल्या नाहीत.

केडगावचे मुक्ती मिशन, १८९६ नंतरच्या दुष्काळात गोळा केलेल्या शेकडो मुली, हा इतिहास मराठी वाचकाला माहीत आहे. १९०५ साली मुक्तीत जे धार्मिक जागरण झाले त्यात मुली रडत, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करत, काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हे रुचले नाही. रमाबाईंना स्वतःला अन्य भाषांचे दान नव्हते आणि ते प्रत्येकाला असलेच पाहिजे असेही त्या मानत नव्हत्या. तरी त्यांनी मुलींना दाबले नाही. इंग्रजी उपासनेची शिस्त हिंदी माणसाच्या भक्तीवर लादू नये, असे त्यांचे मत होते. मला यात चेल्टनहॅमची सावली दिसते. मिस बील यांनी जी मुभा त्यांना दिली होती तीच त्यांनी आपल्या मुलींना दिली.

रमाबाईंचीही एक घाई

इथेच लेख संपवला तर रमाबाई निर्दोष आणि बाकीचे दोषी असे चित्र उरेल. ते खरे नाही. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशी भाषा त्यांना हवी होती. पण दुसरेही कारण होते. प्रचलित मराठी बायबलातल्या अनेक संस्कृत शब्दांना हिंदू शास्त्रांचा वास येतो, ते वाचकाच्या मनात चुकीच्या कल्पना घुसवतात, असे त्यांना वाटे. ज्या बाईने क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली होती, तिलाच आता आपल्या बांधवांच्या भाषांतरातले संस्कृत शब्द संशयास्पद वाटू लागले. त्याच काळात नगरला नारायण वामन टिळक नेमके उलट करत होते. अभंग, कीर्तन, भजन यांतून ख्रिस्त गात होते, तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत होते, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडत होते. रमाबाई आणि टिळक, दोघेही ब्राह्मण, दोघेही ख्रिस्ताचे वेडे. एकाच मराठीत एकाला जे शब्द अमृत वाटत तेच दुसरीला विषाचे थेंब वाटत. आज या दोघांपैकी खोटा शिक्षक कोण, असे कुणी विचारले तर प्रश्नच हास्यास्पद वाटेल. त्या त्या वेळी मात्र तो हास्यास्पद वाटत नसतो.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. आदल्या वर्षी मनोरमा गेली होती. भाषांतराचे काम तेवढे पुरे झाले होते. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले.

उरलेला हिशेब

या कथेचा मला सर्वांत जास्त भावणारा भाग वादाच्या नंतरचा आहे. जेराल्डीन आणि रमाबाई यांचा पत्रव्यवहार तुटला नाही. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत, अगदी मराठीतला तोच शब्द इंग्रजी पत्राच्या मायन्यात. आणि ज्या पत्रांच्या आधारे आज आपण जेराल्डीन यांचा उतावळेपणा दाखवतो, ती पत्रे जपून, जुळवून ठेवली जेराल्डीन यांनीच. स्वतःविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी जाळला नाही. शिक्का मारणाऱ्या किती जणांकडून एवढे घडते?

दुसरी गोष्ट चर्चच्या पंचांगातली. इंग्लंडच्या चर्चने आपल्या स्मरणदिनांच्या यादीत ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाईंसाठी ठेवला आहे, शास्त्राची भाषांतरकार म्हणून. ज्या चर्चच्या बिशपांना त्यांनी पुरुषांना संस्कृत शिकवणे धोक्याचे वाटत होते, त्याच चर्चच्या उपासनेत आता त्यांचे नाव घेतले जाते. याला काळाचा न्याय म्हणायचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. रमाबाईंकडे विद्या होती, लेखणी होती, अमेरिकेत जायचा मार्ग होता. म्हणून त्या शिक्क्याखालून बाहेर पडल्या. ज्यांच्याकडे यातले काही नसते त्यांची पत्रे कुणी जुळवून ठेवत नाही.

खोटे शिक्षक असतात. भोळ्या माणसांना लुबाडणारे, आजाऱ्याचे औषध बंद करायला लावणारे, देवाच्या नावाने स्वतःची सत्ता चालवणारे मी पाहिले आहेत आणि त्यांना तसे म्हणायला हवे. पेत्राच्या पत्रातही त्या शब्दाच्या पुढे लोभाचा आणि लोकांच्या पिळवणुकीचा उल्लेख आहे. पण त्या शब्दाला वजन राहायचे असेल तर तो शेवटी उच्चारला पाहिजे : माणसाला बोलावल्यावर, त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर, तो विचारतो आहे की शिकवतो आहे हे पाहिल्यावर, आणि आपला राग त्याच्या सिद्धान्तावर आहे की त्याच्या पुडिंगवर, हे स्वतःला विचारल्यावर. अनंतशास्त्र्यांच्या वाट्याला निदान एक सभा आली होती. आमच्या गुरुजींच्या वाट्याला तीही आली नाही.

वडील थकले होते तेव्हा एकदा मी त्यांना त्या सहीविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळ्यांनी केली, म्हणून मीही केली. ते काय म्हणाले होते ते मला माहीतच नव्हतं." मी त्यांना गुरुजींचे ते योनाविषयीचे वाक्य सांगितले. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावले आणि म्हणाले, "यात काय चुकीचं होतं रे?"